उबेला भिणारा छायाचित्रकार

१९११ सालचा अंटार्क्टिकातला हिवाळा. रॉस बेटाच्या किनाऱ्यावर केप एव्हान्स नावाचा काळ्या वाळूचा एक पट्टा आहे. त्यावर पन्नास फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद अशी लाकडी झोपडी उभी आहे. बाहेर तापमान शून्याखाली तीस अंश आणि आत पंचवीस माणसे. बाहेरून येणारा प्रत्येक जण दार लोटतो आणि थेट शेगडीकडे धावतो. कोणी मिशांवरचे बर्फ खरवडतो, कोणी बूट काढायच्या आधीच चहाचा मग हाती घेतो. एकच माणूस दाराशी घुटमळतो. तो स्वतः आत येतो, पण ज्या वस्तूंसाठी पृथ्वीच्या या टोकाला आला आहे त्या वस्तू तो पेटीत बंद करून बाहेरच्या गारठ्यातच ठेवतो. पाहणाऱ्याला वाटावे, हा किती निष्काळजी! खरे म्हणजे त्या झोपडीत आपल्या सामानाची त्याच्याइतकी काळजी घेणारा दुसरा कोणी नव्हता.

त्याचे नाव हर्बर्ट जॉर्ज पाँटिंग. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेचा छायाचित्रकार. स्कॉटची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. ध्रुवावर पोहोचला तेव्हा आमुंडसेनचा नॉर्वेजियन झेंडा आधीच फडकत होता आणि परतीच्या वाटेवर पाचही जण गेले, एवढी आपल्याला पक्की पाठ असते. ती गोष्ट आठवताना डोळ्यांसमोर जी चित्रे येतात, बर्फाच्या गुहेतून दिसणारे दूरचे जहाज, टेबलाशी बसून रोजनिशी लिहिणारा स्कॉट, ती बहुतेक सगळी या माणसाने काढलेली आहेत. त्याचे नाव मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

पाँटिंगचा जन्म २१ मार्च १८७० रोजी इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावी झाला. वडील बँकेतले मोठे अधिकारी. मुलाने त्याच वाटेने जावे हे ओघानेच आले. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो लिव्हरपूलच्या एका बँकेत चिकटला आणि चार वर्षे तिथे राहिला. प्रस्तुत लेखकाने उभा जन्म बँकेत काढला असल्यामुळे या चार वर्षांबद्दल त्याला विशेष जिव्हाळा वाटतो. रोजकीर्द आणि खतावणी यांत चार वर्षे घालवलेला माणूस एक गोष्ट जन्मभर विसरत नाही: संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर घरी जाता येत नाही. पुढे पाँटिंग बर्फात एकेका प्लेटेसाठी जी चिकाटी दाखवतो, तिचे मूळ त्या कंटाळवाण्या काउंटरपाशी असावे असा माझा आपला तर्क आहे.

बँक सुटली ती कॅलिफोर्नियासाठी. घरचे पैसे घेऊन तो अमेरिकेत गेला, त्याने फळबाग घेतली, खाणीच्या धंद्यात हात घातला. १८९५ मध्ये मेरी बिडल इलियट या मुलीशी लग्न झाले, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. बाग मात्र बुडाली. तिशीच्या उंबरठ्यावर, दोन मुलांचा बाप, हाती काही नाही, अशा अवस्थेत त्याने छंद म्हणून बाळगलेल्या कॅमेऱ्याकडे धंदा म्हणून पाहिले. त्या काळी स्टिरिओस्कोपची मोठी लाट होती. दुर्बिणीसारख्या यंत्रात एकाच दृश्याची दोन चित्रे लावली की ते दृश्य खोलीसकट दिसे. अमेरिकन कंपन्या अशा जोडचित्रांसाठी जगभर छायाचित्रकार पाठवीत. पाँटिंग त्या कामाला लागला, आणि मग त्याचे पाय घरी थांबेचनात.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात तो जपानी फौजेबरोबर होता. कोरिया, चीन, जावा, ब्रह्मदेश आणि आपला हिंदुस्थान, सगळीकडे तो कॅमेरा घेऊन फिरला. जपानवर त्याने लिहिलेले पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. या भटकंतीत त्याला सेसिल मिअर्स नावाचा एक अवलिया भेटला. पुढे स्कॉटच्या मोहिमेत कुत्र्यांची जबाबदारी या मिअर्सकडे होती. १९०६ च्या सुमारास पाँटिंगने बायकामुलांना मागे सोडले ते कायमचे. कला आणि संसार यांतले एकच निवडावे लागते वगैरे आपण लेखक मंडळी फार ऐटीत बोलतो. त्या दोन मुलांच्या बाजूने पाहिले तर त्यात ऐट कसलीच नाही. पाँटिंगच्या चरित्रातला हा डाग कोणत्याही सुंदर छायाचित्राने पुसला जात नाही, आणि तो पुसायचा प्रयत्नही करू नये.

स्कॉटने १९०९ मध्ये मोहिमेची जुळवाजुळव सुरू केली तेव्हा पाँटिंग चाळिशीला आलेला, नावारूपाला आलेला छायाचित्रकार होता. पूर्वीच्या मोहिमांत कोणीतरी डॉक्टर नाहीतर भूगर्भतज्ज्ञ जाता जाता फोटो काढी. केवळ छायाचित्रणासाठी नेमलेला कसलेला व्यावसायिक अंटार्क्टिकाला नेण्याची कल्पना नवी होती. १९१० च्या नोव्हेंबरअखेर ‘टेरा नोव्हा’ जहाज न्यूझीलंडहून दक्षिणेला निघाले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला भयंकर वादळाने गाठले. पाँटिंगला बोट भयंकर लागत असे. तशा अवस्थेतही तो एका हातात प्लेटा धुण्याचे तबक आणि दुसऱ्या हातात ओकण्यासाठी भांडे धरून काम करीत होता, ही हकीकत स्कॉटने नोंदवून ठेवली आहे.

जानेवारी १९११ च्या पहिल्या आठवड्यात जहाज केप एव्हान्सला लागले. ५ जानेवारीला पाँटिंगला एका हिमनगातली गुहा सापडली आणि तिच्या तोंडातून दिसणाऱ्या जहाजाचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र जन्माला आले. त्याच दिवशी किनाऱ्यालगतच्या बर्फावर किलर व्हेल माशांचा फोटो घ्यायला तो धावला. त्या माशांनी खालून धडका देऊन त्याच्या पायाखालचा बर्फच फोडला. खांद्यावर जड कॅमेरा घेऊन तो एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत कसाबसा वाचला. कॅमेरा त्याने टाकला नाही.

असल्या प्रसंगांवर चित्रपट निघतात. पण पाँटिंगचा खरा शत्रू व्हेलही नव्हता आणि थंडीही नव्हती. तो झोपडीच्या आत होता.

गार पाण्याने भरलेला पितळी तांब्या पावसाळ्याच्या दिवसांत जरा वेळ ठेवला की बाहेरून ओला होतो. लहानपणी आपल्याला वाटते की तो झिरपतो आहे. पाणी आतून आलेले नसते, भोवतालच्या हवेतून आलेले असते. हवा जितकी गरम तितकी वाफ तिच्यात जास्त मावते. तीस अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत साधारण तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने राहू शकते, दहा अंशांना जेमतेम नऊ ग्रॅम, आणि शून्याखाली तीस अंशांना अर्धा ग्रॅमदेखील नाही. अशी वाफेने भरलेली हवा थंड पृष्ठभागाला टेकली की तिथल्या तिथे गार होते आणि न मावणारे पाणी त्या पृष्ठभागावर सोडून देते. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. वस्तू दवबिंदूपेक्षा गार असेल तर तिच्यावर पाणी धरणार, मग ती तांब्या असो, चष्मा असो की हजारो रुपयांची लेन्स.

आता केप एव्हान्सच्या झोपडीकडे पाहा. भिंतींच्या फळ्यांत वाळलेल्या समुद्रशेवाळाच्या गाद्या भरून ती उबदार केलेली. आत कोळशाच्या शेगड्या, अ‍ॅसिटिलिन वायूचे दिवे, चुलीवर सतत काहीतरी रटरटते आहे, वाळत घातलेले मोजे आणि पंचवीस माणसांचे श्वास. दिव्याच्या ज्वलनातूनही वाफच निघते. म्हणजे बाहेरची हवा वाळवंटाहून कोरडी आणि आतली आपल्या चाळीतल्या स्वयंपाकघरासारखी दमट. शून्याखाली तीस अंशांवर तासन् तास राहिलेला कॅमेरा अशा हवेत आणला की क्षणात त्याच्यावर पांढरे दहिवर चढते. ते वितळते आणि सारा कॅमेरा पाण्याने निथळू लागतो. वरचे पाणी पुसता येते. पण वाफ शटरच्या पात्यांत शिरते, लेन्सच्या दोन भिंगांमधल्या फटीत शिरते, भात्याच्या चामड्यात आणि लाकडाच्या सांध्यांत मुरते. आणि घाईघाईने तोच कॅमेरा पुन्हा बाहेर नेला, तर मुरलेल्या पाण्याचे बर्फ होते. पाते अडकते, भिंगावर आतल्या बाजूने पडदा धरतो. तो पुसायला बोट पोहोचत नाही.

म्हणून पाँटिंगने कॅमेरे बाहेर ठेवायला सुरुवात केली. गारठ्यात कॅमेऱ्याचे काही बिघडत नाही, बिघडते ते ये-जा करण्यात, हे त्याने ओळखले. काचेच्या प्लेटा मात्र कधीतरी आत आणाव्याच लागत, कारण धुलाई उबेतच शक्य होती. त्या तो एकदम शेगडीजवळ नेत नसे. आधी पडवीत, मग आत, असे त्यांना सावकाश सवयीचे करून घेई. प्लेटेवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने फुगतो. त्यावर थेंब धरले की डाग कायमचा. आपल्याकडे बाळंतिणीला किंवा तापातून उठलेल्या माणसाला एकदम वाऱ्यावर नेत नाहीत, तसाच तो सोपस्कार.

बाहेरच्या थंडीतही बाष्पाने त्याची पाठ सोडली नव्हती, कारण बाष्प तो स्वतःच बरोबर नेत होता. काळ्या फडक्याखाली डोके घालून घासलेल्या काचेवर चित्र जुळवायचे तर श्वास रोखून धरावा लागे. एक निःश्वास सुटला की काचेवर बर्फाचा पापुद्रा धरलाच. लेन्सवर फुंकर मारून ती पुसायची आपली साधी सवय तिथे घातक ठरे. यंत्रांतले तेल गोठते म्हणून सिने-कॅमेऱ्यांतले तेल काढून ग्राफाइटची भुकटी वापरावी लागली. फिल्म कडक होऊन मोडे, आणि ती कॅमेऱ्यात ओवायची तर हातमोजे काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. उघड्या बोटांना थंड धातू लागला की चटका बसावा तशी कातडी जळे. एकदा काम करता करता त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच चिकटली. सोडवून घेताना जिभेची साल निघाली. हे सारे एका छायाचित्रासाठी. त्यात पुन्हा समोर उभ्या माणसांना तो तासन् तास तसेच उभे ठेवी. थंडीत काकडत फोटोसाठी उभे राहणे या अर्थी मोहिमेतल्या तरुणांनी त्याच्या नावाचेच क्रियापद करून टाकले होते!

झोपडीत त्याला आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी डार्करूम मिळाली होती, आणि झोपायलाही तो तिथेच असे. शेजारीच जॉर्ज सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञाची यंत्रे होती. हा सिम्प्सन आपल्या हिंदुस्थानच्या हवामान खात्यातून उसना आणलेला. दव, हिम आणि बाष्प यांचा अभ्यास हा त्याचा पेशा, तर त्यांच्यापासून बचाव हा पाँटिंगचा. हिवाळ्यात चार महिने सूर्य उगवत नसे. मग पाँटिंग पडद्यावर जपान, ब्रह्मदेश, हिंदुस्थानची रंगीत स्लाइडे दाखवून व्याख्याने देई. बाहेर हिमवादळ घोंघावते आहे आणि आत मोहिमेतली माणसे पडद्यावर आमचा उन्हाळा पाहत बसली आहेत, हे दृश्य मला फार आवडते.

पाँटिंग ध्रुवाकडे जाणार नव्हता. चाळिशीचा माणूस, आणि काचेच्या प्लेटांचे ओझे ओढणार कोण? म्हणून त्या हिवाळ्यात त्याने स्कॉटला आणि इतर काही जणांना छायाचित्रणाचे धडे दिले. त्यांत लेफ्टनंट हेन्री बॉवर्स होता. ठेंगणा, दणकट, गरुडनाक्या बॉवर्स आला होता रॉयल इंडियन मरीनमधून, म्हणजे आपल्या मुंबईत ठाणे असलेल्या नौदलातून. मुंबईच्या दमट हवेत वावरलेला हा माणूस आता कोरड्या थंडीत कॅमेरा कसा राखावा हे शिकत होता. १९११ च्या ऑक्टोबरात, कूच करण्याआधी, पाँटिंगने स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि एडगर एव्हान्स यांना तंबूत बसवून स्वयंपाक करण्याचे, जेवण्याचे आणि झोपण्याच्या पिशव्यांत शिरण्याचे चलच्चित्र घेतले. वाटेत आपण असे राहू, एवढे दाखवण्यासाठी तो प्रसंग मुद्दाम रचला होता. चौघेही त्यात हसतखेळत आहेत. चौघांपैकी एकही परतला नाही. १ नोव्हेंबरला स्कॉट निघाला. पाँटिंगने काही अंतरापर्यंत चित्रण केले आणि तो मागे फिरला.

१९१२ च्या मार्चच्या आरंभी, ठरल्याप्रमाणे, सतराशेहून अधिक काचेच्या निगेटिव्ह घेऊन तो जहाजाने न्यूझीलंडला निघाला. या सतराशे प्लेटांमागे किती वेळा पडवीत थांबणे असेल, किती वेळा श्वास रोखणे असेल याचा हिशेब कोणत्याच खतावणीत नाही. जहाज १ एप्रिलला न्यूझीलंडला पोहोचले. स्कॉटच्या रोजनिशीतली शेवटची नोंद २९ मार्चची आहे. म्हणजे पाँटिंग जहाजावर पुढच्या व्याख्यानांचे बेत करीत असेल त्याच दिवसांत ते तिघे तंबूत शेवटचे श्वास मोजत होते. जगाला हे कळायला १९१३ चा फेब्रुवारी उजाडला.

मृतदेह सापडले १२ नोव्हेंबर १९१२ रोजी. तंबूत रोजनिश्या होत्या, पत्रे होती, आणि ध्रुवावर काढलेली फिल्म होती. १८ जानेवारीला पाचही जणांचा एकत्र फोटो बॉवर्सने दोरी ओढून काढला होता. पाँटिंगच्या शिकवणीचे फळ. ती फिल्म जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत बर्फात पडून होती. फ्रँक डेबनहॅम या भूगर्भशास्त्रज्ञाने ती केप एव्हान्सला धुतली, आणि पाच थकलेले, हरलेले चेहरे स्वच्छ उमटले. आश्चर्य वाटते खरे, पण वरचा हिशेब ध्यानात ठेवला तर त्यात आश्चर्य नाही. त्या दहा महिन्यांत ती एकदाही उबेत आली नव्हती.

पाँटिंगचे पुढचे आयुष्य या फोटोतल्या माणसांच्या सावलीत गेले. स्कॉट जिवंत परतता तर छायाचित्रांचे हक्क, व्याख्याने, उत्पन्न यांची वाटणी दोघांनी बसून केली असती. आता समोर मोहिमेची समिती होती, आणि समितीशी पाँटिंगचे कधी जमले नाही. १९१४ मध्ये त्याने चित्रणाचे हक्क ५,१०० पौंड मोजून विकत घेतले. त्या काळी ही रक्कम म्हणजे एक इस्टेट होती. बँकेच्या नजरेने पाहिले तर हे कर्ज कोणत्याही शाखाधिकाऱ्याने मंजूर केले नसते: तारण काय, तर मेलेल्या माणसांच्या हालचाली! लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये त्याची व्याख्याने तुडुंब चालली, बादशहा पंचम जॉर्जपुढेही खेळ झाला. आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. ध्रुवावर मेलेल्या पाचांपेक्षा लाखोंचे मरण दाराशी आले. त्याची फिल्म फ्रान्समध्ये आघाडीवरच्या सैनिकांना दाखवली गेली, त्याचे त्याला समाधान होते, पण पैसा आटला.

नंतर त्याने पुन्हा पुन्हा तेच केले. १९२१ मध्ये मोहिमेवर पुस्तक लिहिले. १९२४ मध्ये चित्रणाचा नवा मूकपट केला, ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’. बोलपट आले तेव्हा, १९३३ मध्ये, त्याच दृश्यांना आवाज देऊन ‘नाइन्टी डिग्रीज साउथ’ काढला. मधल्या काळात यंत्रांचे शोध लावले, प्रोजेक्टर बनवला, पण त्यांतून लक्ष्मी प्रसन्न झाली नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत थंडीतून उबेत सावकाश यावे हे ज्याने ओळखले होते, तो स्वतः त्या चौदा महिन्यांच्या थंडीतून उरलेल्या बावीस वर्षांत पुरता बाहेर आलाच नाही. ७ फेब्रुवारी १९३५ रोजी लंडनमध्ये, पैशांच्या विवंचनेत, त्याचा मृत्यू झाला. २००४ मध्ये केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेने त्याच्या त्या सतराशेहून अधिक निगेटिव्ह ५,३३,००० पौंडांना विकत घेतल्या. कला जगते आणि कलावंत उपाशी मरतो असले काही म्हणायचा मोह मी टाळतो. कारण पाँटिंग उपाशी मेला नव्हता. कर्जात होता, इतकेच. कर्जात तर अर्धा महाराष्ट्र असतो.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, या दक्षिण ध्रुवाच्या गोष्टीशी आमचा काय संबंध? संबंध रोजचा आहे. जुलै महिन्यात मुंबईत हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. वातानुकूलित मोटारीत किंवा हॉलमध्ये बावीस अंशांवर राहिलेला कॅमेरा बाहेर काढला की लेन्स दुधासारखी होते. लग्नातला छायाचित्रकार गार हॉलमधून हिरवळीवर वरात टिपायला धावतो आणि पहिले चार फोटो धुक्यातले निघतात, ते यामुळेच. मग तो रुमालाने लेन्स पुसतो, ती पुन्हा धरते, तो पुन्हा पुसतो. इथे पुसण्याचा उपयोग नाही, थांबण्याचा आहे. लेन्स भोवतालच्या हवेइतकी उबदार झाली की दव आपोआप उडते. शहाणा छायाचित्रकार अर्धा-पाऊण तास आधीच बॅग बंद ठेवून ती गारव्यातून बाहेर नेऊन ठेवतो. बॅग उघडत नाही, एवढेच पथ्य.

लडाख किंवा स्पितीला हिवाळ्यात जाणारी आपली मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पाँटिंगची पडवी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत मावते. बाहेरच्या थंडीत उभे असतानाच कॅमेरा घट्ट तोंडाच्या पिशवीत घालावा, शक्य तेवढी हवा दाबून काढावी, तोंड नीट बंद करावे आणि मगच खोलीत शिरावे. पिशवीत कोंडलेली हवा बाहेरची, कोरडी असते. खोलीतली वाफ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरते आणि कॅमेरा आत कोरडाच राहतो. पिशवी तास-दोन तास, जड लेन्स असेल तर त्याहून जास्त, उघडायची नाही. फोटो पाहायची घाई असेल तर कार्ड आणि बॅटरी बाहेर असतानाच काढून खिशात ठेवावीत. आणि कॅमेरा थंडीपासून वाचवायचा म्हणून अंगाशी, कोटाच्या आत धरू नये. आपल्या अंगाची वाफ त्याला पुरते, बाहेर काढला की तीच गोठते. सिलिका जेलच्या पुड्या चांगल्याच, पण निथळत्या कॅमेऱ्याला त्या पुऱ्या पडत नाहीत. त्यांचे काम कपाटातले आहे.

कपाटावरून आठवले. कोकणातल्या ज्या शाखेत मी काही पावसाळे काढले, तिथे खतावण्यांची पाने ऑगस्टपर्यंत एकमेकांना बिलगत. एका जुन्या हेडक्लार्कने युक्ती केली होती. लाकडी कपाटाच्या तळाशी त्याने पंचवीस वॅटचा बल्ब लावून ठेवला होता, तो रात्रंदिवस जळे. शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याने ती पाहून आपल्या लेन्सच्या कपाटातही बसवली, आणि बुरशीने त्याच्या भिंगांचा नाद सोडला. हेडक्लार्कला दवबिंदू ठाऊक नव्हता. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा चार अंश गरम राहिली की तिथे पाणी धरत नाही, इतके त्याला अनुभवाने कळले होते. वार्षिक तपासणीत मात्र त्या बल्बच्या विजेबद्दल दर वर्षी शेरा येई!

पाँटिंगची डार्करूम आजही केप एव्हान्सला उभी आहे. न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने त्या झोपडीच्या जतनाचे मोठे काम केले. ते चालू असताना डार्करूममध्ये एक लहानशी पेटी सापडली. तिच्यात सेल्युलोज नायट्रेटच्या बावीस निगेटिव्ह होत्या, एकमेकींना चिकटून त्यांचा एक ठोकळाच झाला होता. त्या पाँटिंगच्या नव्हत्या. १९१४ ते १९१७ या काळात शॅकल्टनच्या मोहिमेतली एक तुकडी त्याच झोपडीत अडकून पडली होती, तिच्यापैकी कोणीतरी काढलेल्या होत्या. इतकी वर्षे मागे राहिलेल्या त्या चित्रांत कधी उन्हाळ्यात ओल शिरली, कधी ती गोठली, पुन्हा वितळली. न्यूझीलंडमधल्या एका जतनतज्ज्ञाने तो ठोकळा हळूहळू सोडवला, एकेक पापुद्रा वेगळा केला, आणि २०१३ च्या डिसेंबरात ती चित्रे लोकांसमोर आली. एका चित्रात ‘ऑरोरा’ जहाजाच्या डेकवर एक माणूस उभा आहे. तो अलेक्झांडर स्टीव्हन्स, त्या तुकडीचा मुख्य शास्त्रज्ञ. चेहरा ओळखू येतो. त्याच्याभोवती मात्र ओलाव्याने खाल्लेले डाग पसरले आहेत.